भूमिका घेणे आहे

लग्न ठरवताना मुलीकडच्या मंडळींनी मला छंद कोणता असं विचारलं, तेव्हा मी "वाचन" असं सांगून मोकळा झालो. बी.कॉम. झालेल्या, बँकेत चिकटलेल्या मुलानं हेच सांगायचं असतं. खरा छंद सांगितला असता तर मंडळी चहा अर्धा ठेवून उठली असती. कारण खरा छंद असा की दिवसभर काउंटरवर नोटा मोजून घरी आलो की रात्री साडेनऊनंतर मी कधी वाळवंटातला भटक्या होतो, कधी मेंढपाळ, कधी भुतंखेतं मारून पोट भरणारा भाडोत्री शिकारी. हे सगळं कॉम्प्युटरवर. पंचवीस वर्षं झाली. आमच्या सौभाग्यवतीला हे लग्नानंतर आठव्या दिवशी कळलं. "अहो, पण तुम्ही वाचन म्हणाला होता ना?" असं तिनं विचारलं. "पडद्यावर पुष्कळ मजकूर असतो," असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

या खेळांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्याला मराठी शब्द काय, यावर मी कॅश टॅली होत नसलेल्या संध्याकाळी पुष्कळ विचार केला आहे. 'भूमिका घेणे' म्हणावं, तर ती आमच्या युनियनचे पुढारी घेतात आणि दुपारच्या चहापर्यंत बदलतात. शेवटी मला आठवले बहुरूपी. आमच्या मराठवाड्यात त्यांना रायरंद म्हणतात. लहानपणी सुगीनंतर दारात एखादा खाकी कपड्यातला माणूस येऊन उभा राही, वडिलांच्या नावाचं वॉरंट काढी, लग्नाला न बोलावल्याचा गुन्हा वाचून दाखवी आणि "चला ठाण्यावर" म्हणे. वडील हसत, आई सुपात ज्वारी घेऊन येई. मी मात्र दर वर्षी दाराआड लपे. माझा छंद तोच आहे. फरक एवढाच की बहुरूप्याला शेवटी ज्वारी मिळते, मला विजेचं बिल येतं.

ज्यांना बहुरूपीही माहीत नाहीत त्यांनी बँकेच्या ट्रेनिंग सेंटरची आठवण करावी. तिथं 'रोल प्ले' नावाचा एक तास असतो. एकानं क्लार्क व्हायचं, दुसऱ्यानं चिडलेला ग्राहक व्हायचं आणि साहेबांनी वहीत काहीतरी लिहायचं. मला चिडलेला ग्राहक केलं होतं. वीस वर्षांत काउंटरपलीकडून जे जे ऐकलं होतं ते मी पोटतिडकीनं परत केलं. तास संपला तरी मला थांबवेना. साहेब म्हणाले, "तुम्ही भूमिकेत फार शिरलात." आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव अभिनयाचा अभिप्राय.

तर या खेळांचा उगम १९७४ सालचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. टेबलाभोवती चार मित्र बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. वार लागला की चुकला हे फासे ठरवतात. आपल्याकडे फासे टाकून राज्यं आणि बायका घालवायची परंपरा जुनी आहे, पण त्यांनी त्याला हिशेबाची शिस्त लावली. प्रत्येकाच्या हाती एक तक्ता असतो. त्यात शक्ती किती, बुद्धी किती, अंगात जीव किती आणि थैलीत मोहरा किती हे सगळं आकड्यांत. जखम झाली की वजा, औषध घेतलं की जमा. हा हिशेब इतका वाढला की माणसांना आवरेना, आणि थोड्याच वर्षांत कॉम्प्युटरला मुनीम नेमण्यात आलं. १९८१ साली 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन खेळ आले आणि मुनीम कायम झाला.

लोकांना वाटतं की या खेळांत तलवारी आहेत, राक्षस आहेत, जादू आहे. असतात, पण ते दुकानाबाहेरचं रंगीत पोस्टर. आत गेलात तर गादी, उतरतं डेस्क आणि कीर्द-खतावणी. म्हणूनच मी म्हणतो की या खेळांवर बोलायचा खरा अधिकार कॉमर्सवाल्यांचा आहे. इंजिनियर लोक उगाच मध्ये पडतात.

माझी आणि या खेळांची गाठ पडली ती २००० सालच्या सुमारास, जालन्यात, बसस्टँडजवळच्या एका कॅफेत. तासाला पंचवीस रुपये. लाकडी खोक्यांतून आठ कॉम्प्युटर, आणि प्रत्येक खोक्यात पदवी घेऊन निकालाची किंवा नोकरीची वाट बघणारा एकेक तरुण. बाकीचे सात जण गोळ्या झाडत. मी चुकून 'फॉलआउट' उघडला. खेळ १९९७ सालचा. जालन्यात पोचायला त्याला तीन वर्षं लागली, आणि तो कुठल्या मार्गानं पोचला हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

सुरुवातीला सात गुण समोर येतात. शक्ती, नजर, सहनशक्ती, वागण्यातली मोहिनी, बुद्धी, चपळाई आणि नशीब. प्रत्येकाला पाच-पाच गुण दिलेले आणि वर आपल्या मर्जीचे पाच. जास्त हवे असतील तर एकीकडून काढून दुसरीकडे घाला. म्हणजे कुंडली स्वतः मांडायची सोय! मी तेव्हा बँकेच्या परीक्षेला बसलो होतो, त्यामुळे सगळा भर नशिबावर दिला आणि त्यासाठी बुद्धीतून काढलं. पुढं गावागावांत जाऊन माणसांशी बोलायला लागलो तर माझ्या तोंडून "आं?" आणि "ऊं" यापलीकडे काही निघेना. समोरची माणसं कीव करून निघून जात. दोन तासांचे पन्नास रुपये गेल्यावर कळलं की बुद्धी अगदी कमी ठेवली तर खेळ आपल्याला मंदबुद्धीच मानतो आणि संभाषणंच वेगळी देतो. एका यंत्रानं माझं इतकं अचूक मूल्यमापन त्याआधी केलं नव्हतं. नंतर बँकेनं केलं.

पण मला त्या खेळानं धरून ठेवलं ते निराळ्याच कारणानं. गोष्ट अशी. अणुयुद्धात जग जळून गेलं आहे. काही माणसं डोंगराच्या पोटात बांधलेल्या तळघरात पिढ्यान् पिढ्या राहताहेत. त्या तळघरातलं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची एक चिप बिघडते. दीडशे दिवसांचं पाणी उरलं आहे. एका जणाला बाहेर पाठवतात आणि सांगतात की नवी चिप शोधून आण. तो एक जण म्हणजे आपण.

हे वाचून कॅलिफोर्नियातल्या पोराच्या अंगावर काटा येत असेल. मी जालन्याचा. आमच्या गल्लीत तेव्हा नळ आठवड्यातून एकदा येई, आणि तोही पहाटे तीनला, चोरासारखा. दीडशे दिवसांचं पाणी हा आकडा ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला, "एवढं?" खेळ करणाऱ्यांनी भीती घालायला ठेवलेला आकडा आमच्याकडे चैनीचा होता. आणि पुढं तर कमालच. हब नावाच्या बाजारगावात पाण्याचे व्यापारी भेटतात. त्यांना पैसे दिले की ते तळघराकडे पाण्याचा तांडा पाठवतात आणि शंभर दिवसांची मुदतवाढ मिळते. साता समुद्रापार बसून त्या मंडळींनी टँकर शोधून काढला होता! चलन म्हणजे बाटल्यांची बुचं. बँकेत लागल्यावर मला त्या चलनाचं हसू येईनासं झालं.

नवी चिप सापडते ती दुसऱ्या एका उद्ध्वस्त शहराच्या पोटात. किरणोत्सर्गानं कातडी झडलेली माणसं तिथं जगताहेत आणि त्यांचंही पाणी त्याच यंत्रावर चाललेलं आहे. चिप काढून नेली की आपले लोक वाचतात, ते तहानेनं मरतात. मात्र तिथं एक जुना पंप बंद पडलेला आहे. गटारांत उतरून त्याचे भाग शोधून तो दुरुस्त केला, तर दोघांचंही भागतं. पण 'पंपाचं काय केलंस?' असं खेळ तुम्हाला विचारत नाही. घाईत असलात तर चिप उपटता आणि चालू लागता. मी पहिल्या खेपेला तेच केलं. वर नाशिक-नगरची धरणं आणि खाली आमचं जायकवाडी, पाणी सोडा-सोडू नका, हे भांडण मी जन्मभर पेपरात खालच्या बाजूनं वाचत आलो आहे. त्या दिवशी मी वरच्या बाजूला होतो, आणि मला काही वाटलं नाही. वाटलं ते कॅफेतून सायकल काढताना.

(त्या खेपेचा माझा सेव्ह केलेला खेळ पुढं कुणीतरी जागा करायला म्हणून पुसून टाकला. त्यानंतर मी चिठ्ठी चिकटवून आलो होतो, 'कृपया पुसू नये, माणसं आहेत.' चिठ्ठीही काढली.)

आता जुन्यातला जुना. 'अल्टिमा'चा चौथा भाग, १९८५ सालचा, रिचर्ड गॅरियट यांचा. हा मी उलटा, म्हणजे नोकरी लागल्यानंतर खेळलो. आता तो फुकट मिळतो, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूंत इतकी चांगली वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही. चित्रं म्हणाल तर ठिपके. झाड कुठलं आणि राक्षस कुठला हे अंदाजानं ओळखायचं. पण या खेळात मारायला शेवटचा खलनायकच नाही. तुम्हाला आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं असतं. शब्द आपलाच, सातासमुद्रापार जाऊन आलेला. सुरुवातीला एक जिप्सी बाई पत्ते मांडून प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण, आणि एकच निवडायचा. त्यावरून तुम्ही कोण हे ठरतं. मी मनापासून उत्तरं दिली आणि मेंढपाळ झालो. मेंढपाळ हा नम्रतेचा पुतळा आणि त्या खेळातला सगळ्यात दुबळा गडी. सौ. म्हणाली, "बाईनं बरोबर ओळखलं हो."

या खेळातली एक जागा सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. जादूला लागणाऱ्या मुळ्या-पाल्यांच्या दुकानात विकणारी बाई आंधळी आहे. माल घेतल्यावर ती रक्कम सांगते, आणि किती मोहरा दिल्या तो आकडा तुम्ही टाकायचा. पन्नास झाले असताना एक टाकला तरी ती माल देते, आभार मानते. काही होत नाही. घंटा वाजत नाही, पोलीस येत नाही. आणि कितीतरी तासांनंतर, राजाच्या किल्ल्यातल्या एका द्रष्ट्याला तुम्ही सहज विचारता की प्रामाणिकपणाच्या बाबतीत माझं कसं काय चाललंय, आणि तो जे सांगतो ते ऐकून मान खाली जाते. म्हणजे खेळ मुकाट्यानं लिहीत होता. प्रत्येक व्यवहार. फक्त पासबुक दाखवत नव्हता.

मी कॅशियर आहे. रोज निदान पाच माणसं माझ्याकडून पैसे न मोजता घेतात. त्यात म्हाताऱ्या बायका जास्त. पदराच्या गाठीत नोटा बांधताना म्हणतात, "तुमी मोजल्यात ना, मग झालं." १९८५ साली अमेरिकेत बसलेल्या त्या माणसाला माझं काउंटर कुठून दिसलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर खेळ चांगला की वाईट हे ठरवायचं माझं माप हे. चांगला खेळ सगळं लिहून ठेवतो आणि तुम्हाला पासबुक दाखवत नाही. वाईट खेळ दर पावलाला पासबुक छापून हातात देतो. या मापानं आमच्या घरात रोज भांडणं होतात, कारण आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे आहेत आणि त्यांचा पक्ष नव्यांचा.

नव्या खेळांचं वैभव मी नाकारत नाही. गवत हलतं, पाण्यात चंद्र दिसतो, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस वेगळा. पण नकाशावर एक बाण असतो. कुठं जायचं ते तो बाण सांगतो. चिरंजीव त्या बाणाकडे बघत चालतात. वाटेत गाव लागलं, कुणी हाक मारली, तरी मान वर नाही. मी म्हटलं, "अरे, त्या म्हातारीला विचार ना रस्ता." तर म्हणाले, "बाबा, बाण आहे ना वर." २००२ साली 'मॉरोविंड' नावाचा खेळ आला, त्यात बाण नव्हता. लोक रस्ता तोंडी सांगत. पुलापाशी जा, नदीच्या कडेनं वर जा, दगड दिसला की डावीकडे. आणि त्यातलं काही अधूनमधून चुकीचंही निघे! ते मला फार आवडलं. घनसावंगी तालुक्यात वसुलीला गेलो असताना रस्ता विचारला की हमखास उत्तर मिळतं, "हे काय, इथंच तर हाय." आणि मग आपण सहा किलोमीटर चालतो. त्या सहा किलोमीटरांत गाव कळतं. कर्जदार का भेटत नाही, हेही कळतं.

दुसरी नवी खोड म्हणजे पावती. कुणाशी दोन शब्द चांगले बोललात की कोपऱ्यात अक्षरं उमटतात की अमक्याला हे आवडलं, तमक्याला हे रुचलं नाही. २०२३ साली 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग आला. बेल्जियमच्या लॅरियन मंडळींनी केलेला. या खेळानं तर मी चार महिने ऑफिसात जांभया दिल्या. खेळ उत्तमच. वीस बाजूंचा फासा पडद्यावर गडगडत येतो तेव्हा सारीपाटाच्या पटाशी बसल्यासारखी छाती धडधडते. पण सोबत्याची मर्जी किती वर गेली, किती खाली आली, याची सूचना लगेच. मग माणूस मनातलं बोलत नाही, मर्जी सांभाळून बोलतो. प्रमोशनच्या मुलाखतीला बसल्यासारखं वाटतं. आणि फासा वाईट पडला की चिरंजीव मागचा सेव्ह उघडून पुन्हा टाकतात. मी म्हटलं, "ही चूक नाही, ही लबाडी आहे." ते म्हणाले, "बाबा, तुमच्या बँकेत रिव्हर्सल एंट्री असते की." वडिलांच्या व्यवसायाची माहिती मुलांना फार देऊ नये.

न्यायाला धरून हेही सांगितलं पाहिजे की नव्यांतही माझ्या मापाला उतरणारे आहेत. पोलंडचा 'विचर' घ्या, तिसरा भाग, २०१५. त्यात एक दारुडा जहागीरदार आहे. दारूच्या नशेत बायकोला मारणारा. ती आणि मुलगी घरातून निघून गेल्यात, आणि तो तुम्हाला त्यांना शोधायला लावतो. मध्येच एका टेकडीखालच्या झाडात कोंडलेला आत्मा भेटतो. सोडावा की मारावा? मी दयाळूपणानं सोडला. त्यामुळं काही अनाथ पोरं वाचली. त्यामुळंच, पुष्कळ पुढं, ती बायको गेली आणि जहागीरदारानं गळफास घेतला. दुसऱ्या खेपेला मारला, तर नवरा-बायको जिवंत राहिले आणि पोरं गेली. दोन्हीकडून बेरीज करून बघितली. ताळा जुळत नाही. रात्री दीड वाजता मी पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यापाशी उभा होतो, आणि सौ. विचारत होती, "बँकेत काही झालंय का?"

आपल्या लोकांनी काय केलं, असं कुणी विचारील. पुण्याच्या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. २०२० साली तो आला. पैसे गोळा करायची मोहीम २०१७ साली फसली होती, आणि त्यानंतर संस्थापकांपैकी एकानं फ्लॅट विकून काम चालू ठेवलं, असं वाचलं. कर्ज विभागात बसलेल्या माणसाच्या अंगावर याच वाक्यानं काटा येतो. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, आणि दुर्गा नि विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. राजस्थानी झरोके, तळी, कमानी बघून जीव निवतो. पण माझ्या दृष्टीनं त्यात भूमिका घ्यायला जागा नाही. ती अगोदरच लिहून, बांधून दिलेली आहे. आपण फक्त त्रिशूळ चालवायचा. शेवटही मध्येच उठून गेल्यासारखा. तरी मी तो दोनदा खेळलो, कारण त्या पोरीच्या पायांतल्या उड्या जत्रेतल्या दोरावरून चालणाऱ्या मुलीसारख्या होत्या.

माझ्या मापाचा भारतीय खेळ दुसराच, आणि तो फारशा कुणाला माहीत नाही. 'अनरेस्ट', २०१४. जुन्या काळातलं एक कल्पित शहर, भीमरा. पाऊस नाही, धान्य नाही. तुम्ही एकामागून एक निरनिराळी माणसं होता. त्यातली एक गरीब घरातली पोर, जिचं लग्न घरच्यांनी ठरवून टाकलं आहे. मारामारी जवळजवळ नाही, नुसतं बोलणं. चित्रं साधी. कधी कधी तर कंटाळवाणा. पण दुष्काळात माणसं एकमेकांशी कशी बोलायला लागतात, ते त्याला माहीत आहे. आवाज चढत नाही, वाक्यं तोकडी होतात.

हे मला ओळखता आलं, कारण तो खेळ आला त्याच्या आदल्या वर्षी आम्ही त्यातून गेलो होतो. २०१२ चा पाऊस गेला आणि २०१३ चा उन्हाळा आला. घाणेवाडीच्या तलावाचा तळ भेगाळून दिसत होता. आमचे मामा अंबड तालुक्यातले, त्यांची मोसंबीची तीनशे झाडं, बारा वर्षांची. फेब्रुवारीत ते एका दुपारी काउंटरसमोर येऊन उभे राहिले. "भाचेबुवा, टँकर लावू का झाडं तोडू? तू बँकेत हायेस, हिशेब करून सांग."

मी केला. मामांसाठी म्हणून जेवणाच्या सुट्टीत, कोऱ्या कागदावर, दोन रंगांत. तीन दिवसांआड नव्हे, दर तिसऱ्या दिवशी दोन टँकर, पावसापर्यंत ऐंशी. दीड हजाराला एक, म्हणजे एक लाख वीस हजार. यंदा फळ नाही, पुढच्या साली जेमतेम, व्याज वेगळं. "मामा, परवडत नाही," मी म्हणालो, "तोडून टाका. लाकडाचे तरी येतील." मामांनी कागद नीट घडी करून टोपीत ठेवला, चहा घेतला आणि गेले. त्या रात्री झोप येईना, म्हणून मी पुष्कळ वर्षांनी 'फॉलआउट' काढला. हब गावी पोचलो. पाण्याच्या व्यापाऱ्यांना होती नव्हती ती बुचं मोजून दिली आणि तांडा रवाना केला. कागद-पेन्सिल काही घेतलं नाही. पंपही दुरुस्त केला, गटारात उतरून.

मामांनी टँकर लावले. तीनशेतली एकशेऐंशी झाडं जगली. मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि दर वर्षी मोसंबीची गोणी मात्र येत राहिली. चार वर्षांनी मामी एकदा बोलता बोलता म्हणून गेल्या की पाटल्या आणि पोहेहार तारण ठेवला होता. मी विचारलं, "आमच्या बँकेत का नाही आणला?" तर मामी म्हणाल्या, "तुला कशाला त्रास, म्हणले ते. तू हिशेब करून दिला होता ना."

'फॉलआउट'चा शेवट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणी आणून दिलं, राक्षस संपवले, आणि भटक्या तळघराच्या दाराशी परत येतो. मुख्य अधिकारी दारातच उभा असतो. तो आभार मानतो आणि आत घेत नाही. तू बाहेर फार बदललास, पोरं तुझ्या मागं लागतील, तू जा. लोक म्हणतात की कॉम्प्युटरवरच्या खेळांत इतका कडू शेवट त्याआधी नव्हता. असेल. मला तो तितका कडू वाटत नाही. निदान त्याला दारातच सांगितलं.

गेल्या वर्षी मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे येऊन राहिले. एका डोळ्याला पट्टी, टीव्ही बघायला बंदी. चिरंजीवांनी माझ्या फार मागं लागण्यामुळं, आणि बक्षिसाच्या आशेनं, एकदाचा 'फॉलआउट' लावला होता. चित्रं बघून नाक मुरडत होते. मामा उरलेल्या डोळ्यानं खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय करायलास रे हे?"

चिरंजीवांनी सांगितलं. गावाचं पाण्याचं मशीन बिघडलंय, दीडशे दिवस होते, आता साठ उरलेत. इथं पैसे दिले तर टँकर जातो, शंभर दिवस वाढतात. पण पैसे गेले तर बंदूक घेता येत नाही.

मामा पडद्याच्या जवळ वाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परवडतंय का? तू काढलंस का हिशेब?"

स्वयंपाकघरातून सौ.च्या हसण्याचा आवाज आला. मी चष्मा पुसत होतो.

"लाव, लाव टँकर," मामा चिरंजीवांना म्हणाले. "आन् त्याला सांग, टाकी नीट भरून आन म्हणावं. मागच्या खेपेला अर्धीच आनली होती लेकाच्यानं."